आरवंद्याचा वाकडा बांध

सातेरीच्या देवळामागच्या या पायऱ्यांवरून खाली बघा. डोंगराच्या पायथ्यापासून निघालेला तो मातीचा बांध दिसतो ना, तो निम्म्या वाटेपर्यंत दोरी धरून आखल्यासारखा सरळ जातो. उजव्या हाताला खाडी, डाव्या हाताला आमच्या आरवंद्याची भातशेतं. आणि मग एकाएकी, काही कारण दिसत नसताना, तो गावाच्या दिशेने आत वळतो. कोपरात दुमडलेल्या हातासारखा आत येतो, मोठा वळसा घेतो आणि पुन्हा बाहेर जाऊन आपली सरळ वाट धरतो. त्या कोपराच्या बाहेर जे गर्द हिरवं रान आहे ते कांदळाचं, म्हणजे खारफुटीचं. मोठ्या भरतीला त्याचे शेंडे तेवढे पाण्यावर राहतात, ओहोटीला सगळी मुळं उघडी पडतात. रानाच्या पलीकडे पुळण आणि पुळणीच्या पलीकडे समुद्र.

बांध दुरुस्त करायला सरकारी माणसं आली की दर वेळी एकच विचारतात. हा वळसा कशाला? सरळ केला तर माती कमी लागेल, शिवाय एवढी जमीन आत येईल. गाव ऐकून घेतं, चहा पाजतं आणि बांध आहे तसाच बांधून घेतं. त्या रानातली फांदी कुणी तोडत नाही, तिथं जाळं कुणी टाकत नाही. का, म्हणून विचारलंत तर शाळकरी पोरही सांगेल की ती जागा लवूने दिलेली आहे.

हा लवू कधीचा, ते मात्र कुणाला सांगता येत नाही. खाडीच्या मुखावरच्या किल्ल्यात तोफा होत्या तेव्हाचा, असं काही म्हणतात. काही म्हणतात, किल्लाच त्याच्या नंतरचा.

तेव्हा बांधाला वळसा नव्हता. त्याही आधी बांध बराच मागे, गावाजवळ होता म्हणे. लवूच्या बापाच्या पिढीला जमीन कमी पडू लागली, तशी सगळ्या गावाने मिळून टोपल्याटोपल्यांनी चिखल वाहिला आणि बांध पुढे ढकलला. खाडीचं पाणी जिथं येऊन पसरायचं ती सगळी जागा आत घेतली. त्यातला अगदी पुढचा, समुद्राच्या तोंडाशी असलेला कुणगा, म्हणजे भातशेताचा तुकडा, लवूच्या बापाच्या वाट्याला आला. शेताच्या मधोमध एक उंचवटा होता, त्यावर त्याने घर बांधलं. लवू तिथंच वाढला, तिथंच त्याचं लग्न झालं. मग एका पावसाळ्यात पटकीची साथ आली आणि त्याची आई, बायको आणि पाळण्यातली मुलगी अशी तिघं गेली. बाप आधीच गेलेला. लवू एकटा राहिला.

मुळात तो बोलका नव्हता. देवळात आला की मागच्या खांबाला टेकून बसायचा, प्रसाद घ्यायचा आणि अंधार पडायच्या आत शेतातून चालत घरी जायचा. दुसरं लग्न कर म्हणून दोन-चार वेळा लोकांनी सांगून पाहिलं. तो नुसती मान हलवायचा. पुढे लोकांनी सांगणं सोडलं.

आणि त्याच सुमाराला बांध फुटू लागला. भाद्रपदातल्या उधाणाला समुद्र चढून यायचा आणि बरोबर लवूच्या शेतासमोर बांधाला खिंडार पाडायचा. खारं पाणी एका शेतातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जायचं, पोटरीला आलेलं भात उभ्याउभ्या करपायचं. गावाने खिंडार बुजवलं, पुढच्या वर्षी तिथंच फुटलं. दगड घालून बुजवलं, तरी तिथंच फुटलं. तिसऱ्या वर्षी लोक रानातले कंद उकडून खाऊ लागले. दोन घरं दारं ओढून घेऊन घाटावर निघून गेली.

तेव्हा गावाने देवीला कौल लावायचं ठरवलं. आमच्याकडे कौल कसा लावतात ते तुम्हाला ठाऊक नसेल. घाडी म्हणजे गावाचं गाऱ्हाणं देवीपुढे मांडणारा माणूस. तो मूर्तीला उजवीकडे, डावीकडे आणि मधे ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्या वेळी भिकाजी घाडी होता, हाताला कंप सुटलेला म्हातारा. सगळा गाव देवळात दाटला होता. आमच्या श्रमात काही उणं पडलं का? डावी पडली. कुणाच्या हातून काही पाप घडलं का? डावी. पाण्याला काही हवं आहे का? उजवी पाकळी पडली. लोकांच्या तोंडून ‘व्हय म्हाराजा’ निघालं. कोंबडा? डावी. बोकड? डावी. मग गावचा प्रमुख दाजी गावकर पुढे झुकला आणि घाड्याच्या कानाशी काहीतरी बोलला. घाड्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, “माणूस?”

उजवी पाकळी पडली नाही, डावीही पडली नाही. छातीवरची मधली पाकळी सुटली, सरळ खाली घसरली आणि देवीच्या पायाशी जाऊन पडली.

असा कौल कुणी पाहिला नव्हता. याचा अर्थ हो, असं दाजी गावकर म्हणाला. कोणता माणूस, हे कुणी विचारलं नाही. लवू मागच्या खांबाला टेकून बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं हळूहळू सरकली आणि त्याच्याभोवती फरशी मोकळी झाली, ते त्याला कळलं. कुणीही त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नाही, आणि त्यावरूनच त्याला सगळं समजलं, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी गावकर त्याच्या घरी आला. बरोबर दोघं होती, पण ती अंगणाबाहेरच थांबली.

“लवू, गावाचा काम आसा,” गावकर म्हणाला.

“सांगा, दाजी.”

“माका सांगूक जीभ वळत नाय. पण प्रत्येकाच्या घरात कोण ना कोण आसा. तुझ्या मागे रडाक कोण उरलेला नाय.”

दाजी गावकर दुष्ट नव्हता. त्याच्याही घरी पोरं कंद खाऊन झोपत होती. लवूने त्याला बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि तो ‘बरं’ म्हणाला. आपल्याला काहीच वाटत नाही, याचंच त्याला नवल वाटलं. त्याने घर झाडलं, भांडी घासून पालथी घातली, पालीच्या भीतीने माठावर झाकण ठेवलं. मग आपणच हसला, की आता या माठातलं पाणी कोण पिणार.

अमावास्येच्या दिवशी ओहोटीला त्याला खिंडारात नेलं. कंबरेएवढा खड्डा खणलेला होता. त्याला उतरवलं, कपाळाला कुंकू लावलं, घाड्याने पाण्याकडे तोंड करून त्याचं नाव घेतलं आणि हा माणूस तुला दिला असं म्हटलं. मग चिखलाची पहिली टोपली त्याच्या पायांवर ओतली गेली. गार, जड, तोच चिखल. लहानपणी बापाच्या मागून त्याने डोक्यावरून वाहिलेला. तो घोट्यांवर आला आणि लवूला एकदम भूक लागली. सकाळपासून उपास होता. आपल्याला गरम पेज हवी, वर लोणच्याची फोड हवी, उद्याही हवी आणि परवाही हवी, असं त्याला इतकं जोरात वाटलं की तो ओरडला.

“थांबा! माका मरूचा नाय!”

टोपल्या थांबल्या. काहींनी तोंडं फिरवली.

“देवीन माणूस मागितल्यान, लवू,” गावकर म्हणाला.

“माणूस मागितल्यान असा तुमी म्हणतास. पाकळी खंय पडली? पायाकडे. पायाखाली काय आसता? जमीन आसता. माझी जमीन घेवा, दाजी. सगळी घेवा. बांध माझ्या शेताच्या मागसून घाला. पाण्याक त्याची जागा परत देवा.”

हे त्याला देवीने सुचवलं की भीतीने, यावर आमच्या गावात अजून वाद होतात. पण भिकाजी घाडी पुढे आला. त्याने तिथलाच एक दगड धुतला, देवीचं नाव घेऊन त्यावर दोन पाकळ्या लावल्या आणि विचारलं. वारा नव्हता. उजवी पाकळी पडली.

लवूला खड्ड्यातून वर काढलं. तो चिखलाने भरलेला, हात जोडून सगळ्यांकडे बघून हसत होता. तेव्हा दाजी गावकराने पुढचं सांगितलं. घाड्याने पाण्याला नाव सांगितलेलं आहे. दिलेलं परत घेता येत नाही. जमीन पाण्याची, जमिनीवरचं घर पाण्याचं आणि लवूही पाण्याचाच. तो जगेल, पण बांधाच्या बाहेर. तो बांधावर पाय ठेवणार नाही, आणि गावातलं कुणी बांध ओलांडून जाणार नाही. त्याच्याशी कुणी बोलणार नाही, त्याचं नाव घेणार नाही. त्या जागेत जे उगवेल आणि जे पोहेल त्याला कुणी हात लावणार नाही. लवूने त्याची राखण करायची.

लवू प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेला. त्या घटकेला त्याने कशालाही हो म्हटलं असतं.

नवा बांध घालायला सगळा गाव लागला. लवूही लागला. गाव आतून माती टाकत होतं, तो बाहेरून. बांध गुडघ्याएवढा झाला, कंबरेएवढा झाला. पलीकडून टोपली रिकामी करणाऱ्याचे हात आणि याचे हात एकाच चिखलात पडत, पण कुणी बोलत नव्हतं. बांध छातीएवढा आला तेव्हा त्याला फक्त चेहरे दिसत होते. मग नुसती मुंडाशी दिसू लागली. एका संध्याकाळी त्याने टोपली ओतली, वर पाहिलं, आणि तिथं फक्त आभाळ होतं.

त्या वर्षी उधाण आलं ते त्याच्या शेतात शिरलं, पसरलं, उंचवट्याच्या पायथ्याशी येऊन दमलं आणि परत गेलं. नव्या बांधाला पाणी लागलं ते लागलं-न लागल्यासारखं. आत भात पिकलं. त्याला ते दिसलं नाही. पण बांधापलीकडून झोडणीचा आवाज आला, भाताच्या कोंड्याचा वास आला, तेव्हा त्याला कळलं. सुगी झाली की बांधाच्या माथ्यावर त्याच्यासाठी तांदूळ ठेवलेले असत. कोण ठेवी, ते त्याला कधी दिसलं नाही.

त्याच्या शेतात आधी भात मेलं, मग गवत मेलं, मग बराच काळ नुसता चिखल होता. पुढे एका भरतीबरोबर कांदळाच्या लांब शेंगा वाहत आल्या आणि चिखलात उभ्या रुतून बसल्या. दोन-दोन पानं फुटली. त्याने त्या लावल्या नव्हत्या. त्याने फक्त येणाऱ्याजाणाऱ्या गुरांना हाकललं, लाटेने आडवं झालेलं रोप उभं केलं, अडकलेलं शेवाळ काढलं. झाडं वाढली तशी मुळांमध्ये मासळीची पिल्लं येऊन राहू लागली, खेकडे-कुर्ल्या आल्या, बगळे आले. लवू त्यांच्यात हिंडे, पोटापुरतं घेई. पण बगळ्यांशी किती बोलणार? एकदा त्याने स्वतःचं नाव मोठ्याने घेऊन पाहिलं. आवाज दुसऱ्या कुणाचा असावा तसा वाटला, म्हणून पुन्हा घेतलं नाही.

आवाज येत, तेच वाईट होतं. शिमग्याचा ढोल येई. लग्नाचे ताशे येत, आणि लग्न कुणाचं ते तो बसून ताडत राही. एका सकाळी गावातून रडण्याचा आवाज आला. खूप बायका रडत होत्या. लवू बांधाच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला आणि घराघरातली नावं मनात घेऊ लागला. हा असेल का? ती असेल का? दुपार झाली. जीव कासावीस झाला तेव्हा इतक्या वर्षांनी तो बांधाकडे तोंड करून ओरडला, “कोण गेला गे? कोण गेला?”

बांध वळतो त्या कोपऱ्यावर उघाडी आहे, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर सोडण्याची लाकडी दारं. ओहोटीला ती उघडायची, भरतीला लावायची. ते काम करणाऱ्याचे गुडघे गेले होते, म्हणून त्याची बायको भागल ते करायची. ही भागल बोलायला लागली की थांबायची नाही. सासू तिचं ऐकत नसे, नवरा पाठ करून झोपे, पाणवठ्यावरच्या बायका ती दिसली की घागर उचलून निघत. त्या दुपारी ती उघाडीवर एकटी होती आणि तिने ती हाक ऐकली. त्याच्याशी बोलायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं भागलला जन्मात जमलं नव्हतं. ती बांधाकडे पाठ करून उभी राहिली आणि उघाडीतून वाहणाऱ्या पाण्याकडे बघून म्हणाली,

“पाण्या, आयक. भिकाजी घाडी गेले. सकाळी अंगणात बसलेले, बसल्या जाग्यार गेले. तरास काय झालो नाय.”

मग बांधापलीकडे एक माणूस हुंदके देऊन रडतोय हे तिला ऐकू आलं. ती ते संपेपर्यंत थांबली आणि घरी गेली.

त्या दिवसापासून भागल रोज पाण्याशी बोलू लागली. कुणाची म्हैस व्याली, कुणी कुणाच्या कुंपणावरून भांडण काढलं, कुणाला मुलगी झाली आणि ती बापासारखी काळी की आईसारखी गोरी, सासू सकाळी काय म्हणाली आणि आपण मनात काय म्हणालो, सगळं. पलीकडे लवू बांधाला पाठ टेकून बसायचा. तो कधी काही बोलला नाही. भागलला त्याचं काही नव्हतं. कुणीतरी उठून जात नाही, एवढं तिला पुरे होतं.

अशी गोष्ट लपून राहत नाही. दाजी गावकराने तिला देवळात बोलावलं.

“भागल, तू त्याच्याशी बोलतंस?”

“मी पाण्याशी बोलतंय. पाण्याशी बोलू नको असा देवीन कधी सांगितल्यान? आणि घरात माझा कोण आयकता?”

लोक हसले. गावकर हसला नाही, पण त्याने तिला बंदीही केली नाही. पुढे हळूहळू आणखी लोक उघाडीवर येऊ लागले. आधी लाजत, कुणी पाहत नाही ना हे बघून. एकाने मुलाचं लग्न ठरल्याचं सांगितलं. एकीने, नवरा परमुलखातून आला नाही, हे सांगितलं. बांधाकडे पाठ करून, पाण्याला.

त्याच सुमाराला आणखी एक घडलं. खालच्या बंदरातल्या चुन्याच्या भट्ट्यांना जळण हवं होतं. एके दिवशी भरतीबरोबर एक मोठी होडी रानात शिरली आणि कुऱ्हाडींचे आवाज सुरू झाले. लवू धावला आणि पहिल्या झाडासमोर पाण्यात उभा राहिला. होडीच्या तांडेलाने त्याला बाजूला हो म्हणून सांगितलं. तो हलला नाही. “कोण तू? कोणाचो?” तांडेलाने विचारलं. लवूने तोंड उघडलं. आपण कुणाचे, हे त्याला सुचेना. माणसं कुऱ्हाडी घेऊन पुढे आली, आणि एकाएकी थांबली. ती त्याच्या मागे बघत होती.

लवूने वळून पाहिलं. भागलने धावत जाऊन गाव गोळा केला होता. बांध ओलांडायचा नाही म्हणून सगळा गाव बांधाच्या माथ्यावर येऊन उभा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी ओरडत नव्हतं. दाजी गावकर तेवढा बोलला, तेही होडीवाल्यांशी. “ता रान पाण्याचा आसा. कुऱ्हाड खाली ठेवा.”

एवढी माणसं पाहून होडी वल्ही मारत निघून गेली. लवू मात्र चेहरे बघत होता. किती वर्षांनी. पोरं बाप्ये झाली होती, बाप्यांचे केस पिकले होते. उघाडीपाशी उभी असलेली भागल त्याच्या कल्पनेतल्यापेक्षा बुटकी होती. गावकराची नजर क्षणभर त्याच्यावर थांबली आणि निसटली. मग एकेक जण बांधावरून आत उतरला, आणि पुन्हा नुसतं आभाळ उरलं. त्यानंतरचे काही दिवस लवूला सगळ्यांत कठीण गेले म्हणे. रोज तो त्या ठिकाणी येऊन वर बघायचा.

पुढे एका श्रावणात दाजी गावकर उघाडीवर आला. भागलला त्याने हाताने खूण केली, तशी ती दूर जाऊन उभी राहिली. गावकराने बांधाकडे पाठ केली. चारचौघांत त्याला कधी कुणी डोळे पुसताना पाहिलं नव्हतं. प्रमुखाने रडायचं नसतं. मग तो म्हणाला,

“पाण्या, माझो झील गेलो. एकुलतो. होडी गावली, तो नाय गावलो.”

एकुलत्या मुलाचं एवढं सांगून तो उघाडीच्या लाकडाला धरून खाली बसला. तेव्हा बांधापलीकडून, अगदी जवळून, एक घोगरा, न वापरलेला आवाज आला.

“आयकलंय, दाजी.”

एवढंच. नियम मोडला म्हणावा, तर तो कुणी मोडला? गावकराने पाण्याला सांगितलं होतं, आणि उत्तर आलं होतं. तो बराच वेळ तिथं बसून राहिला. पलीकडेही कुणी हललं नाही. त्या दिवसानंतर जो कुणी सांगायला येई, त्याचं सांगून झालं की पलीकडून ‘आयकलंय’ येई. दुसरा शब्द लवू कधी बोलला नाही.

अशी किती वर्षं गेली त्याचा हिशेब नाही. भागल म्हातारी झाली. आणि मग ते तुफान आलं. आकाश पिवळं झालं, वारा समुद्राकडून सुटला, आणि पाणी पुळणीवरून उड्या घेत आत आलं. खालच्या-वरच्या गावांचे बांध कागदासारखे फाटले. आरवंद्याला मात्र लाट कांदळात शिरली, मुळामुळांत अडकली, फुटली, आणि बांधाशी आली ती नुसता फेस होऊन. गाव डोंगरावर, या देवळात बसून होता. सकाळी उतरून पाहतात तो शेतं जशीच्या तशी उभी.

भागल काठी टेकत उघाडीवर गेली. “पाण्या, आयक,” ती म्हणाली. “सगळी बरी आसत. माणूस गेला नाय, ढोर गेला नाय.”

उत्तर आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. पाणी उघाडीतून खळखळत होतं. मग तिने बांधाकडे तोंड केलं आणि गावात कुणी इतकी वर्षं न उच्चारलेलं नाव घेऊन हाक मारली. “लवू! ए लवू!” ती हाका मारतच राहिली. शेवटी तिने काठी टाकली, हातापायांवर रांगत बांध चढली आणि पलीकडे उतरली. तिला कुणी अडवलं नाही. उंचवट्यावर घर नव्हतं. चुलीचे तीन दगड होते. झाडांना फांद्या उरल्या नव्हत्या, पण एकही झाड उन्मळलं नव्हतं. तिने सगळं रान पालथं घातलं. संध्याकाळी ती परत आली तेव्हा छातीपर्यंत चिखलाने भरलेली होती, आणि ती बडबडी बाई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही.

लवूचं दहावं-बारावं कुणी करायचं, हा प्रश्न पडला. दाजी गावकर तेव्हा पार थकला होता. तो उठला आणि त्याने स्वतः खाडीत उतरून पिंड सोडला. गोत्र विचारल्यावर त्याने आपलं सांगितलं.

आजही तो बांध तसाच वाकडा आहे आणि रानही तसंच आहे. मध्ये कुणी मोठं हॉटेल बांधायचं म्हणून जागा मागायला आलं होतं, त्यांनाही गावाने हीच गोष्ट सांगून वाटेला लावलं. आजही आरवंद्यात मूल झालं, लग्न ठरलं, कुणाला मुंबईला नोकरी लागली, कुणी गेलं, की घरातलं एक माणूस उघाडीवर जातं, बांधाकडे पाठ करतं आणि पाण्याला सांगतं. काहीजण तर नुसतेच जातात, काय सांगतात ते आम्ही विचारत नाही. सांगून झाल्यावर लगेच मात्र कुणी परत फिरत नाही. थोडा वेळ उभं राहतं.

आता ओहोटी लागली आहे, वाट कोरडी असेल. तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर जाऊन या. गावचंच माणूस पाहिजे असं काही नाही. आम्ही इथं पायऱ्यांवर बसतो. तिथं बोललेलं इथवर ऐकू येत नाही.